घोणसे घाट ते जीवना बंदर : एका गळतीचा माग

श्रीवर्धनहून माणगावला निघालं की म्हसळा मागे पडल्यावर घोणसे घाट लागतो. घाट काही फार मोठा नाही, पण मे महिन्याच्या दुपारी भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर चढवताना इंजिनाचा कस लागतो. 2017 च्या मे महिन्यात आमची सात जणांची डिझेल गाडी याच घाटात पहिल्यांदा थांबली. आत्याला माणगाव स्टेशनावर कोकण रेल्वेची गाडी गाठायची होती. आधी एसीच्या झरोक्यातून तापलेल्या काकवीसारखा गोडसर वास आला. पाठोपाठ तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली.

तेव्हापासून पुढची दोन वर्षं आमच्या घरात रेडिएटरचाच विषय होता. दोनदा तो बदलला आणि तरीही गळती परत आली. या काळात मला जी माणसं भेटली, ती श्रीवर्धनला फिरायला येणाऱ्यांना सहसा दिसत नाहीत. पाहुण्यांना किनारा दिसतो, सोमेश्वराचं आणि लक्ष्मीनारायणाचं देऊळ दिसतं, बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं स्मारक दिसतं. या खाऱ्या हवेत गाड्या, पंप आणि होड्या चालत्या ठेवणारे हात मात्र पडद्यामागे राहतात. हे किस्से त्या हातांचे आहेत.

डॅशबोर्डातली हळद

घाटात गाडी थांबताच बाबांनी फडकं घेतलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागून आलेल्या सहा आसनी रिक्षाचा ड्रायव्हर ओरडला, "बापू, हात काढा आधी! तोंड भाजेल!"

रेडिएटरचं झाकण साधं नसतं. आत स्प्रिंग असते आणि ती साधारण 0.9 बार इतका दाब धरून ठेवते. एरवी 100 अंशांना उकळणारं पाणी या दाबामुळे 118 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब एकदम सुटतो, आतलं पाणी क्षणात वाफ होतं आणि उकळत्या फवाऱ्यासारखं अंगावर येतं. ड्रायव्हरने हे अंश आणि बार सांगितले नाहीत. त्याने शर्टाची बाही वर करून कोपरापर्यंतचा जुना डाग दाखवला. तेवढं बाबांना पुरलं.

पाऊण तास थांबून, वरचा होजपाईप हाताला सोसवेल इतका निवल्यावर त्याने स्वतः झाकण उघडलं. मग आपल्या डॅशबोर्डातून कागदाची पुडी काढली. हळद होती. ती पुडी खास गाडीसाठी ठेवलेली, घरच्या डब्यातली नव्हे. पाण्यात हळद कालवून त्याने रेडिएटरमध्ये ओतली आणि इंजिन सुरू करायला सांगितलं. हळदीतला पिष्टाचा अंश गरम पाण्यात फुगतो, पाण्याबरोबर फिरत बारीक भोकापाशी जातो आणि तिथे अडकतो. सुईच्या टोकाएवढी गळती त्याने काही काळ थांबते. आमची थांबली.

"हे गॅरेजपर्यंतच हं," तो म्हणाला. "रोज टाकाल तर जाळी चोंदेल आणि मग इंजिनच बसेल." आत्याला आणि तिच्या दोन पिशव्यांना त्याने आपल्या रिक्षात बसवून माणगावला पोचवलं. तिची गाडी चुकली नाही. पैसे घ्यायला मात्र तो काही केल्या तयार झाला नाही.

पाण्यात बुडवलेली जाळी

म्हसळ्याला ज्यांच्याकडे आम्ही गाडी नेली त्यांना सगळे चाचा म्हणतात, म्हणून आम्हीही चाचाच म्हणू लागलो. त्यांच्या गॅरेजच्या मागच्या बाजूला सिमेंटची छोटी टाकी आहे. काढलेला रेडिएटर ते त्यात पूर्ण बुडवतात, एक सोडून सगळी तोंडं बंद करतात आणि उरलेल्या तोंडातून हवा भरतात. बुडबुडे जिथून येतील तिथे खूण करतात. माझ्यासमोर बुडबुड्यांची बारीक माळ वर आली ती वरच्या टाकीच्या कडेने.

चाचांनी तरुणपणी तांब्या-पितळेचे रेडिएटर दुरुस्त केले आहेत. भोक घासून स्वच्छ करायचं, डाख द्यायचा, की रेडिएटर पुन्हा कित्येक वर्षं चालायचा. आता जाळी ॲल्युमिनियमची असते आणि दोन्ही टोकांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. मध्ये रबराची पट्टी ठेवून धातूची कड प्लॅस्टिकवर दाबून वळवलेली असते. तापण्या-निवण्याने ते रबर कडक होतं, प्लॅस्टिकला चीर जाते, आणि तिथे डाख काही कामाचा नाही.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "म्हणजे नक्की फुटलं काय?" मी तिला आमच्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबाची आठवण करून दिली. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. विस्तवाची धग नळीच्या भिंतीतून पाण्यात जाते. रेडिएटरमध्ये नेमकं उलटं. नळ्यांत गरम पाणी आणि भोवती वारा, म्हणून पाण्याची धग वाऱ्याला जाते. नळ्या जितक्या बारीक आणि जितक्या जास्त, तितकं पाणी लवकर निवतं. विल्हेल्म मायबाख यांनी 1900 साली मर्सिडीजच्या 35 अश्वशक्तीच्या गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हा त्यात 8,070 बारीक नळ्या होत्या; फक्त तिथे वारा नळ्यांतून जाई आणि पाणी त्यांच्या भोवती. त्याआधीच्या गाड्यांना कितीतरी जास्त पाणी वागवावं लागे.

आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बंबसुद्धा सांध्यातच गळायचा. पण पाणी मचूळ असलं तर बुडाला खायचं." तिच्या या बोलण्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. ते द्यायला हवं होतं.

चाचांचा नकार

नवा रेडिएटर बसवला. आठ महिन्यांनी अंगणात पुन्हा हिरवट डाग दिसला. या वेळी गळती कडेला नव्हती. जाळीच्या मधोमध नळ्यांना बारीक भोकं पडली होती.

चाचांनी एकेक शक्यता तपासून बाजूला केली. झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब भरला आणि काटा किती वेळात उतरतो ते पाहिलं. झाकणाची स्प्रिंग वेगळी तपासली, कारण झाकण दाब सोडत नसेल तर रेडिएटरचा सर्वांत कच्चा भाग फुटतो. होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखालचं पाझरायचं भोक पाहिलं. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरून दाब वाढवतो, म्हणून तीही परीक्षा केली. सगळं ठीक निघालं.

मग त्यांनी विचारलं, "वरून पाणी कुठलं घालता?"

आम्ही वाडीतल्या विहिरीचं घालत होतो. समुद्र जवळ, पाणी थोडं मचूळ. चाचांनी कपाळाला हात लावला. ॲल्युमिनियमच्या अंगावर हवेने आपोआप एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं आणि तिथे खड्डा पडत जातो. आजी बंबाबद्दल बोलली होती ती वेगळ्या धातूची गोष्ट, पण पाणी तेच. त्या दिवसापासून विहिरीचं पाणी बंद झालं. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, एवढंच गाडीत जाऊ लागलं. चाचांनी आणखी एक बजावलं. कूलंट चवीला गोड असतं आणि विषारी असतं, अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, मांजर-कुत्रं चाटून मरेल. आमच्याकडे तेव्हा मांजरीची तीन पिल्लं होती.

दुसरा नवा रेडिएटर बसला. 2019 च्या सुरुवातीला तोही थेंब थेंब गळू लागला.

तेव्हा चाचा जे बोलले ते मी कधी विसरणार नाही. "बेटा, मी अजून एक विकू शकतो. तुझे बाबा घेतीलही. पण का गळतोय ते मला कळत नाही, आणि कळल्याशिवाय मी तिसरा बसवणार नाही." दुकान चालवणाऱ्या माणसाने समोर आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवायला मनाची केवढी ताकद लागत असेल!

जस्ताचा ठोकळा

आधीचा निकामी रेडिएटर पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेला होता. वाडीतला पाण्याचा पंप दुरुस्त करायला जीवना बंदराच्या कोळीवाड्यातले एक मेस्त्री आले होते. त्यांचं खरं काम होड्यांची इंजिनं. चहा घेताना त्यांनी तो रेडिएटर उचलून उजेडात धरला आणि जाळीवरून बोट फिरवलं. "हा नुसता गंजलेला नाही, भाऊ. याला करंट खातोय."

बाबांना वाटलं ते काहीतरी बोलायचं म्हणून बोलतायत. मेस्त्रींनी मग होडीची गोष्ट सांगितली. होडीच्या पंख्याजवळ आणि सुकाणूजवळ ते जस्ताचे ठोकळे बसवतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांच्यात वीज वाहते आणि हलक्या प्रतीचा धातू झिजतो. जस्त सर्वांत आधी झिजतं, म्हणून पंखा वाचतो. ठोकळा संपला की नवा लावायचा. ही युक्ती जुनी आहे. हम्फ्री डेव्ही यांनी 1824 साली ब्रिटिश आरमाराच्या जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांसाठी जस्त आणि लोखंडाचे असेच तुकडे सुचवले होते. जीवनाच्या मेस्त्रींनी डेव्हींचं नाव ऐकलेलं नव्हतं. त्यांना ठोकळा किती दिवसांत किती झिजतो, ते हाताने माहीत होतं.

त्यांनी मीटर मागवला. गाडी थंड होती. काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली आणि लाल तारेचं टोक, धातूला न टेकवता, रेडिएटरमधल्या पाण्यात धरलं. सगळं बंद असताना काटा जेमतेम हलला. मग मला दिवे आणि ब्लोअर सुरू करायला सांगितलं. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला. मेस्त्रींनी जाड केबलने इंजिन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलं. काटा लगेच खाली आला.

"अर्थिंगची पट्टी बघा," ते म्हणाले.

इंजिन रबरी आधारांवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याची वीज बॉडीकडे आणि बॅटरीकडे परत न्यायला तांब्याच्या विणलेल्या पट्ट्या लागतात. टॉर्च धरून मी गाडीखाली पाहिलं. पट्टीचं एक टोक हिरवंकाळं पडलं होतं आणि वीणेचे चार-पाच धागेच शिल्लक होते. घर समुद्राजवळ. गाडी कधी दिघीहून आगरदांड्याला, कधी बागमांडल्याहून वेशवीला फेरीबोटीने जायची आणि डेकवर खारं पाणी उडायचं. शेखाडीचा रस्ता तर समुद्राला खेटूनच. मीठ बसत गेलं आणि पट्टीचा एकेक धागा तुटत गेला. विजेला परतीची वाट उरली नाही, तेव्हा ती कूलंटमधून आणि रेडिएटरमधून जाऊ लागली. दोन वर्षं आम्ही भोकं बुजवत होतो आणि भोकं पाडणारं कारण हातभर अंतरावर लोंबकळत होतं.

दोन-अडीचशे रुपयांची नवी पट्टी आली. जोडाच्या जागा घासून चकचकीत केल्या, वरून ग्रीस लावलं. चाचांनी सगळी यंत्रणा धुऊन नवा रेडिएटर बसवला आणि मेस्त्रींकडून ती मीटरची परीक्षा समोर बसून शिकून घेतली. आमची तुटकी पट्टी त्यांनी मागून घेतली. ती अजून त्यांच्या गॅरेजच्या खिळ्यावर आहे. किनाऱ्याकडची गाडी दुसऱ्यांदा रेडिएटरसाठी आली की चाचा आधी ती पट्टी दाखवतात, मग मीटर काढतात.

3 जून 2020 नंतर

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. वारा ताशी 100 ते 110 किलोमीटर, झोत 120 पर्यंत. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा, ज्या उभ्या व्हायला पिढ्या गेल्या होत्या, काही तासांत आडव्या झाल्या. आमच्याही वाडीत उभं झाड शोधावं लागत होतं. खांब पडले, वीज गेली, आणि ती लवकर यायची चिन्हं नव्हती.

गाडीवर एक माड पडला तो मागच्या बाजूला. इंजिन वाचलं. चौथ्या दिवसापासून आमच्या आळीतली माणसं बॅटऱ्या आणि मोबाईल घेऊन येऊ लागली. रेंज कधी येईल कुणाला ठाऊक नव्हतं, पण येईल तेव्हा मुंबई-पुण्यातल्या लेकरांना "आम्ही आहोत" एवढं कळवायचं होतं. आम्ही अंगणात गाडी सुरू करून ठेवायचो आणि वायरींचं जाळं खिडकीतून बाहेर पसरायचं. उभ्या गाडीला समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरवर. मी दर थोड्या वेळाने काट्याकडे बघत होते. काटा मध्यावरून हलला नाही. गाडीखालची जमीन कोरडी होती.

आता दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी जीवना बंदरात होड्या सज्ज होतात, तळ रंगवले जातात, जस्ताचे झिजलेले ठोकळे बदलले जातात. त्याच आठवड्यात बाबा गाडीखाली शिरतात, पट्टी सोडवतात, घासतात, पुन्हा आवळतात. मी मीटर धरून उभी असते आणि आकडा मोठ्याने वाचते. पडवीतून आजी विचारते, "किती आला?" आकडा ऐकला की ती पुन्हा सुपारी सोलायला घेते.