खेळ थोडा, खरेदी फार

पैठण रस्त्यावरच्या आपल्या बिडकीनला आता औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. पगार हाती पडतो, तशी घरात पोरांची मागणीही येते. पूर्वी खेळणे मागत. आता मोबाइलच्या खेळातला पोशाख नि बंदूक मागतात.

हा दोष एकट्या मोबाइलचा नाही, असे आम्हाला वाटते. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा बैठा खेळ निघाला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रे व्हायचे, आणि पुढे काय घडले ते फासे टाकून ठरवायचे. तीन पातळ पुस्तिकांचा तो डबा १० डॉलरला मिळे. आज त्याच्या तीन मुख्य पुस्तकांची किंमत प्रत्येकी सुमारे ५० डॉलर आहे. वर रंगीत फासे, बाहुल्या, नकाशे आहेतच. वास्तविक मूळ नियम फुकट मिळतात!

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. चांगले झाले. पण शौकाची खरेदी कायद्याने थांबत नाही. ती घरानेच आवरायची.

माता-पित्यांनो, मुलाला नुसते ‘नाही’ म्हणू नका. खेळाचा महिन्याचा खर्च त्याच्याच हाताने वहीत लिहून घ्या. नवे मागितले, तर आहे ते किती वेळा खेळलास, हे विचारा. आणि सुट्टीच्या दिवशी फोडलेले चिंचोके, पाठकोरा कागद नि पेन्सिल घेऊन गोष्टीचा खेळ मांडा. गोष्टीला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, आणि तोच आपण मुलांना कमी देतो.