योगसूत्रांत आसने किती?

२१ जूनला, योग दिनी, मैदाने भरतात, आसने होतात आणि योग झाला असे मानून आपण घरी परततो. व्यायाम म्हणून हे उत्तमच. पतंजलींचे योगदर्शन मात्र याहून फार मोठी मागणी करते.

गैरसमज : योग म्हणजे आसने.
वस्तुस्थिती : पतंजलींच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत. त्यांतली थेट आसनावरची जेमतेम ३, आणि त्यांत एकाही आसनाचे नाव नाही. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, एवढीच अपेक्षा आहे. पद्मासनासारखी नावे योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात येतात, तपशीलवार कृती हठयोगाच्या ग्रंथांत. सूर्यनमस्कारांचा आजचा प्रसार तर विसाव्या शतकातला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी मोठे कष्ट घेतले.

गैरसमज : योग ही एकट्याची साधना, लोकांशी कसे वागतो याचा तिच्याशी संबंध नाही.
वस्तुस्थिती : पतंजलींच्या योगाच्या आठ अंगांतले पहिले अंग यम. अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह हे पाच यम. मग शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे नियम. आसन येते ते तिसरे. सुखी माणसाशी मैत्री आणि दुःखिताविषयी करुणा ठेवल्याने मन प्रसन्न राहते, असेही पतंजली सांगतात. दुसऱ्याचे सुख मोबाइलवर पाहून मनोमन जळण्याच्या या काळात हा उपाय फार मोलाचा आहे.

गैरसमज : ध्यान म्हणजे मन बळजबरीने कोरे करणे.
वस्तुस्थिती : चित्तवृत्ती शांत करण्यासाठी पतंजली अभ्यास आणि वैराग्य ही दोन साधने देतात. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने करायचा. चार दिवसांत मन लागले नाही म्हणून निराश होण्याचे कारणच नाही.

गैरसमज : सिद्धी मिळवणे हे योगाचे ध्येय.
वस्तुस्थिती : योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात (भागात) सिद्धींचे वर्णन आहे, पण समाधीच्या वाटेवर त्या अडथळा ठरतात, असा इशाराही तिथेच आहे. ध्येय कैवल्याचे : पाहणारा पुरुष (शुद्ध चैतन्य) प्रकृतीहून, म्हणजे मन-शरीरासह साऱ्या सृष्टीहून, वेगळा आहे, हे ओळखून मुक्त होणे.

आसने जरूर करावीत. त्यांच्या आधीची दोन अंगे मात्र वगळू नयेत. खातरी नसलेला संदेश पुढे न पाठवणे हे सत्याचे आचरण आहे, गरजेपलीकडची खरेदी टाळणे हे अपरिग्रहाचे. त्यासाठी ना वयाची अट, ना लवचीक शरीराची.