शून्यही लिहून ठेवा

मुलीकडे टोरांटोला पहिल्यांदा गेलो, तेव्हा घराजवळच्या बागेत एका पडक्या भिंतीच्या दगडांवर साप ऊन खात पडलेला दिसला. काळपट अंग, त्यावर लांबच लांब तीन पिवळे पट्टे. मी पटकन म्हणालो, "अगं, ही तर आपली नानेटी!" मुलगी हसली. तो निघाला गार्टर साप. नानेटीसारखाच माणसाला निरुपद्रवी. बेडूक, गांडुळं खाणारा. फरक एवढाच, की नानेटी अंडी घालते आणि गार्टरची मादी थेट पिल्लांना जन्म देते.

तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते. गोठलेल्या थराच्या खाली, दगडांच्या भेगांत हे साप एकत्र हिवाळा काढतात आणि पुष्कळदा दरवर्षी त्याच जागी परततात. मॅनिटोबा प्रांतात नार्सिसला तर असे हजारो साप वसंतात एकदम बाहेर पडतात. जवळच्या हमरस्त्यावर ते चिरडले जात, म्हणून तिथे कुंपण घातलं, रस्त्याखालून बोगदे केले.

मला वेळच वेळ होता. एक वही केली. सकाळी दहाला तीच पाऊलवाट, तीच चाल. तारीख, तापमान, ऊन की ढग आणि किती साप दिसले, एवढंच लिहायचं. सापाला हात लावायचा नाही. थंड, ढगाळ दिवशी एकही दिसत नसे. ते दिवस मी कोरे सोडी. मुलगी म्हणाली, "बाबा, शून्यही लिहा. नाहीतर साप नव्हते की तुम्हीच गेला नव्हता, हे कसं कळणार?"

चौथ्या वसंतात लख्ख ऊन असूनही सलग नऊ दिवस शून्य आलं. हिवाळ्यात बागेची साफसफाई करताना त्या भिंतीचा पाया उकरून काढला होता. आत साप असतील हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वही घेऊन आम्ही बागेच्या व्यवस्थापकांना भेटलो. आधीच्या तीन वर्षांचे त्याच आठवड्यातले सर्वाधिक आकडे होते ७, ९ आणि ६. नुसतं "पूर्वी साप असायचे" म्हटलं असतं, तर कोण ऐकणार? आकडे पाहून त्यांनी खोल खड्डा खणून त्यात दगड भरून दिले.

पुढच्या वसंतातही शून्यच. त्यानंतरच्या मे महिन्यात एक लहानसा साप त्या दगडांवर दिसला. वहीत मी १ लिहिला.