दोष दगडाचा नव्हता

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरातली माळवदाची दगडी घरे कोसळली आणि दगडी घराची धास्तीच लोकांनी घेतली. ती स्वाभाविक होती. पण घात केला तो बांधणीने. मातीत रचलेल्या जाडजूड भिंतींचे आतले-बाहेरचे थर एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि वर छतावर मातीचा प्रचंड भार.

पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतरत्र हजारो घरांसाठी दुरुस्ती आणि सबलीकरण (उभे घर न पाडता बळकट करणे) हा मार्ग होता. सबलीकरण म्हणजे भेगांवर गिलावा नव्हे. सरपणाची मोळी दोरीने आवळावी, तसा चारही भिंतींना सलग पट्टा घालतात. भिंतीत आरपार भोके पाडून सळई-काँक्रीट भरतात, म्हणजे दोन्ही थर सांधले जातात. माळवदावरची माती उतरवून भारही हलका करतात.