नोंदवहीतील कर्ता : प्रौढांच्या निवासगृहांतील प्रशिक्षणाचा एक भाषिक विचार

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी चालविल्या जाणाऱ्या लहान निवासगृहांत रोज एक नोंदवही लिहिली जाते. साहित्याच्या अभ्यासकाने ती हाती घ्यावी असा प्रसंग सहसा येत नाही. पुणे जिल्ह्यातील अशा एका गृहाच्या संचालिकांनी नव्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेले पाठ भाषेच्या दृष्टीने तपासून मागितले, त्या निमित्ताने तीन महिन्यांच्या नोंदी प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आल्या. वाक्ये अशी : ‘आंघोळ घातली. जेवू घातले. फिरवून आणले. झोपवले.’ ज्यांच्याविषयी ती लिहिली आहेत त्यांतील सर्वांत लहान निवासी ३१ वर्षांचा आहे. परंतु अख्ख्या दिवसात एकाही क्रियापदाचे कर्तेपद त्याच्या वाट्यास आलेले नाही.

प्रशिक्षणाला जे बदलावयाचे असते ते नेमके हेच. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात जिम मॅन्सेल, डेव्हिड फेल्स प्रभृतींनी हॅम्पशायरमधील अँडोव्हर येथील लहान घरांत जे काम केले, त्यातून पुढे ‘सक्रिय साहाय्य’ ही पद्धती आकारास आली. मोठ्या संस्थेतून माणूस लहान घरात आणला, कर्मचारी वाढविले, तरी तेवढ्याने त्याचा रिकामा दिवस भरत नाही, हे या मंडळींनी दाखवून दिले. कर्मचारीच सर्व कामे उरकतात, घराचे हॉटेल होते, आणि निवासी तेथे जन्माचा पाहुणा ठरतो. म्हणून या पद्धतीतील प्रशिक्षणाचा एक भाग वर्गात, तर दुसरा प्रत्यक्ष घरात होतो. प्रशिक्षक कर्मचाऱ्याच्या शेजारी उभा राहतो. चहा करावयाचा असेल तर गॅस पेटविणे कदाचित कर्मचाऱ्याकडे राहील. पण पाणी मोजणे, साखर टाकणे, कप मांडणे यांपैकी काहीतरी निवाशाचे असेल. आधी नुसते विचारावे, मग सुचवावे, खूण करावी, करून दाखवावे, आणि त्यानेही न भागले तरच हाताला हात लावावा.

येथे मराठीच्या एका विशेषाकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. आपल्या भाषेत प्रयोजक क्रियापद आणि शक्य क्रियापद ही दोन्ही ‘व’ या एकाच प्रत्ययाने सिद्ध होतात. ‘आई बाळाला चालवते’ यात करविणारी आई आहे. ‘आजोबांना आता चालवते’ यात सामर्थ्य आजोबांचे आहे. नोंदवहीत एके ठिकाणी लिहिले होते : ‘आज त्यांना फाटकापर्यंत चालवले.’ संचालिकांनी याचा अर्थ ‘हाताला धरून नेले’ असा घेतला होता. लिहिणाऱ्या बाईंना विचारता कळले की त्या केवळ मागोमाग गेल्या होत्या. पाय दुखत असूनही आज त्यांना तेवढे चालवले, असे त्यांना म्हणावयाचे होते. त्या दिवसातली सर्वांत मोठी घटना वाचणाऱ्याच्या हातून निसटली, कारण या वहीत प्रयोजकाखेरीज दुसरा अर्थ शोधण्याची कोणाला सवयच नव्हती.

परंतु दोष लिहिणाऱ्या बायकांना देणे अन्यायाचे होईल. त्या आसपासच्या गावांतून येतात, पगार बेताचा, आणि नोंदवही हाच त्यांच्या श्रमाचा एकमेव पुरावा. ‘त्यांनी आंघोळ केली’ असे लिहिले तर ‘मग तुम्ही काय केले?’ हा प्रश्न ठरलेला. वस्तुतः माणसाला स्वतः आंघोळ करू देण्यात पाऊण तास जातो. घालण्यास दहा मिनिटे पुरतात. तपासणाऱ्याला हे वाचता येत नसेल तर प्रशिक्षणाचा पहिला वर्ग त्याच्यासाठी भरविला पाहिजे. आम्ही वहीत एक रकाना वाढविला : ‘मदत कोणती केली.’

संबोधनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. निवाशांना सरसकट ‘मुले’ म्हटले जाते. पाठांत ‘सर्वांना अहो म्हणावे’ असा नियम होता. तो लागू होताच एका निवाशाने आपले काही चुकले का, असे विचारले! मराठीत आईलाही आपण ‘अगं’ म्हणतो. तेव्हा नुसत्या एकेरीने मान जात नाही. बावीस वर्षांची मुलगी दूधवाल्याला ज्या वयात ‘काका’ म्हणते, त्या वयाच्या निवाशाला ती ‘बाळा’ म्हणते, तेथे खरा घोटाळा आहे. नावांतही तो डोकावतो. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने प्रौढांच्या आजन्म निवासाच्या योजनेस ‘घरौंदा’ म्हटले. हिंदीत हा शब्द मुलांच्या खेळातल्या मातीच्या घराचाही वाचक आहे. आपल्या ‘घरकुला’लाही ती छटा आहेच. उलट त्याच न्यासाने कर्मचारी-प्रशिक्षणाच्या योजनेला दिलेले ‘सहयोगी’ हे नाव मला फार समर्पक वाटते. मराठीतला ‘काळजीवाहू’ ऐकला की प्रथम सरकारच आठवते.

अर्थात प्रत्येक वाक्य उलटवून चालणार नाही. या गृहातील एक बाई सर्वस्वी परावलंबी आहेत, त्या बोलत नाहीत. ‘त्यांनी आंघोळ केली’ ही त्यांच्याविषयीची खोटी नोंद ठरेल. नव्या रकान्यासह त्यांच्याबद्दल लिहिलेली एक नोंद मात्र मी उतरवून घेतली आहे : ‘आंघोळ घातली. पाण्याला त्यांनी मान फिरवली. विसण घातल्यावर हात पुढे केला.’