त्वचेवरील सौम्य आम्लें

दोन वर्षांपूर्वीं आमच्या सूनबाईंनीं चेहऱ्यास लावण्याची एक बाटली आणिली. तिच्यावर 'ग्लायकोलिक आम्ल' हीं अक्षरें वाचून मीं ती परत करविली. "तोंडाला तेजाब कसलें लावतां? लिंबू चोळा," असा उपदेशही केला. लिंबू चोळून त्या उन्हांत गेल्या, आणि गालावर उमटलेले काळे डाग कित्येक महिने राहिले. त्या कांहीं बोलल्या नाहींत; पण मास्तराला स्वतःची चूक समजली पाहिजे, म्हणून हा विषय मीं अभ्यासिला.

त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा मृत पेशींचा असतो. खालीं नव्या पेशी उपजतात व सुमारें महिन्याभरांत वर येऊन गळून पडतात. हें गळणें मंदावलें कीं कांति निस्तेज दिसते. सौम्य आम्लें योग्य प्रमाणांत लाविलीं असतां मृत पेशींना जोडणारे बंध सैल करितात. त्वचा जाळीत नाहींत.

त्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिला पाण्यांत विरघळणारा : उंसांत सांपडणारें ग्लायकोलिक आम्ल आणि आंबलेल्या दुधांतील लॅक्टिक आम्ल. लॅक्टिक आम्ल स्वीडनच्या शील या शास्त्रज्ञानें १७८० सालीं वेगळें केलें. व्हॅन स्कॉट व यू यांनीं १९७४ सालीं अशीं आम्लें खवलेदार त्वचारोगावर गुणकारी असल्याचें दाखविलें. दुसरा प्रकार सॅलिसिलिक आम्लाचा. तें तेलांत मिसळतें, म्हणून तेलकट रंध्रांत शिरून मुरुमांवर उपयोगी पडतें.

आम्लाचें बळ केवळ शेंकडेवारीवर नसून पी-एच या अंकावरही अवलंबून असतें. हा अंक जितका लहान, तितकी आम्लता अधिक. पहिल्या प्रकारच्या आम्लांसाठीं अमेरिकेतील तज्ज्ञमंडळानें घरगुती वापराची मर्यादा शेंकडा १० आणि पी-एच ३·५ च्या खालीं नको, अशी सांगितली आहे. लिंबाच्या रसाचा अंक दोनच्या आसपास! शिवाय लिंबांतील कांहीं द्रव्यें ऊन लागतांच त्वचा होरपळवितात. म्हणजे मोजून घातलेलें आम्ल मीं नाकारलें, आणि न मोजलेलें सुचविलें.

तरीही सावधपणा हवाच. प्रारंभीं आठवड्यांतून एकदोन वेळां, रात्रीं लावावें. या आम्लांनीं ऊन अधिक बाधूं शकतें. दिवसां उन्हापासून रक्षण करणारा लेप अवश्य लावावा. आग होत राहिली तर तत्काळ धुवून वापर थांबवावा, आणि जखम किंवा इसब असल्यास प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा.

परवां सूनबाईंनीं नवी बाटली माझ्यापुढें ठेविली. "मामंजी, अंक वाचून सांगतां का?" मीं चष्मा लाविला आणि या वेळीं आधीं वाचलें, मग बोललों.