मुकादमाची वही आणि डिजिटल प्लॅनर

परवा माजलगावात एका ऊसतोड मुकादमाची वही पाहिली. कोयत्यांची (तोडणीच्या जोड्यांची) नावं, उचल, खाडे, टनांचा हिशोब. म्हटलं, हा तर तयार प्लॅनरच की!

मी कॅनव्हा या डिझाइन ॲपवर डिजिटल प्लॅनर बनवून एट्सी या ऑनलाइन बाजारात विकते. पीडीएफमध्ये महिन्यांच्या टॅबना लिंक जोडायच्या, की टॅबवर बोट लावताच ते पान उघडतं. फाईल एकदा बनवायची, विकायची कितीही वेळा.

एट्सी एका लिस्टिंगला 0.20 डॉलर घेते, मुदत 4 महिने. विक्रीवर 6.5 टक्के, पेमेंटचे वेगळे. कॅनव्हाचं तयार टेम्पलेट जसंच्या तसं विकायचं नाही, तशी परवानगीच नाही.

इंग्रजी हॅबिट ट्रॅकरची एट्सीवर जत्रा भरलीय. नवख्यांनी त्यात पडूच नये, असं माझं मत. ऊसतोड, बचत गट, कापूस वेचणीचे मराठी प्लॅनर करा. त्यांचं गिऱ्हाईक एट्सीवर नाही, व्हॉट्सॲपवर भेटेल. यूपीआयनं पैसे घ्या, फाईल पाठवा.